आठ थेंबांचं पाणी

आमच्या घरात रोज संध्याकाळी एक आकडा पुकारला जायचा. नवरा ऑफिसातून आला, हातपाय धुतले, की चहाच्या आधी हॉलमधल्या काचेच्या टाकीपाशी जायचा, तिथलं पाणी तपासायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचा, "आठ!" आतल्या खोलीतून आत्या म्हणायच्या, "बरं झालं." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी चहा गाळता गाळता म्हणायचे, "पेशंट बरा असेल तर चहा घ्या, निवतोय." समोर मी त्याला कायम अहो-जाहोच केलं. लिहिताना मात्र 'तो' म्हणते, आता रागवायला कोण बसलंय?

ती टाकी माझी सवत होती, हे मी पाहुण्यांनाही सांगायचे. हिमायतनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथून कुठलाही समुद्र रात्रभराच्या प्रवासाइतका लांब आहे, तिथे माझ्या नवऱ्याने समुद्र आणून ठेवला होता. मीठ बादलीतून यायचं, फिल्टरच्या पाण्यात ढवळायचं, आणि त्या पाण्यात पोवळी वाढवायची. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच मला ठाऊक होतं. तो जिवंत प्राणी असतो, पाण्यातला क्षार ओढून घेऊन स्वतःचं हाड बांधतो आणि त्या हाडावर वाढत जातो, हे मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळून फार आनंद झाला असंही नाही. माशांचे दुकानदार त्या क्षाराला अल्कलिनिटी म्हणायचे. आमच्या घरी त्याचं नाव 'आकडा'.

आकडा काढायची रीत सोपी होती, पण नवरा ती अशा काही थाटात करायचा की बघत राहावं. टाकीतलं पाणी सिरिंजने मोजून एका छोट्या काचेच्या कुपीत घ्यायचं. मग कुपी घेऊन स्वयंपाकघरात यायचं, कारण टाकीवरच्या निळ्या दिव्याखाली खरा रंग कळत नाही. ट्यूबलाइटखाली, ओट्यामागच्या पांढऱ्या फरशीसमोर कुपी धरून तिच्यात औषधाचे थेंब सोडायचे. बाटली सरळ उभी धरायची, तिरकी झाली की थेंब लहानमोठे पडतात. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. प्रत्येक थेंबानंतर कुपी हलवायची आणि मोजत जायचं. मग एका थेंबाला निळं पाणी एकदम पिवळं पडतं. जितके थेंब लागले, तितका आकडा. अधेमधे हिरवट झाक दिसते, तिला फसायचं नाही. माझ्या चहा-फोडणीच्या घाईत हा माणूस ओट्यापाशी उभा राहून थेंब मोजायचा आणि मी कोपराने ढकललं तरी हलायचा नाही.

पोवळी दिवसभर क्षार खातात, म्हणून आकडा रोज थोडा पडतो. पडला की सकाळी सोड्याचं पाणी घालून तो भरून काढायचा. नाही भरला तर पोवळी उपाशी मरतात आणि एकदम जास्त घातला तरी मरतात. हे सगळं त्याने आईला पहिल्यांदा समजावलं तेव्हा आत्या पान लावत बसल्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य गोदावरीच्या अलीकडच्या कोरड्या गावात गेलेलं, समुद्र कधी पाहिला नव्हता. लेक दरवर्षी म्हणायचा, "आई, पुढच्या वर्षी तुला समुद्र दाखवतो," आणि शेवटी म्हणाला, "हा घे, घरातच आणला." आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, बोटावरचा चुना पानाला पुसला आणि म्हणाल्या, "म्हंजी यांची हाडं कच्ची हायत. यान्ला निवळी पाजाया पाहिजे."

तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. त्याचं कारण होतं. लहानपणी तो उशिरापर्यंत चालत नव्हता. पाय मऊ होते. आत्या रोज रात्री वाटीत पाण्यात चुना कालवून ठेवायच्या, सकाळी चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी, म्हणजे निवळी, चमच्याने त्याला पाजायच्या. "निवळीवर उभा केलाय ह्याला," हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून ऐकत आले. तो म्हणाला, "आई, अगदी बरोबर! काही लोक चुन्याचंच पाणी घालतात." त्या दिवसापासून आत्या टाकीच्या बाजूच्या झाल्या आणि मी एकटी पडले.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो ऑफिसच्या जिन्यात बसला आणि उठलाच नाही. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहिलं तरी कागदावर ते नीट उतरत नाही आणि माझा मात्र दिवस जातो.

आमच्यात राख नदीत सोडत नाहीत. सासऱ्यांनी धर्म बदलला तेव्हाच हे ठरवून टाकलं होतं की राख आपल्या शेताच्या बांधावर पुरायची आणि वर झाड लावायचं. त्यांच्या स्वतःच्या राखेवर लावलेला कडुनिंब आज डेरेदार झालाय. तेव्हा नवऱ्याची राख एका स्टीलच्या डब्यात भरून, पांढऱ्या कापडात बांधून, आत्यांच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. पाऊस लागला की गावी जायचं आणि झाड लावायचं, असं ठरलं. पाऊस लागला, गेलाही. मला रजा मिळाली नाही, किंवा खरं सांगायचं तर मी मागितली नाही.

लेक गेला त्या आठवड्यात आत्या खाटेवर पडल्या, त्या पडल्याच. पायात जीव नाही म्हणायच्या. डॉक्टरांनी तपासलं, पायाला काही झालेलं नाही म्हणाले. कामवाली सकाळी त्यांना धरून न्हाणीघरात न्यायची, पुन्हा आणून निजवायची. जेवण जवळजवळ सुटलं. मी ताट घेऊन बसायचे, आर्जवं करायचे, रागवायचे, मग ताट उचलून न्यायचे. एक माणूस गेलं होतं आणि दुसरं माझ्या डोळ्यांदेखत निघालं होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी टाकीचा निळा दिवा आपोआप लागला. त्याला टायमर होता. आतून आवाज आला, "आज कितीक?"

इतके दिवस टाकीकडे कोणी पाहिलं नव्हतं. मी सिरिंज घेतली, कुपी घेतली आणि ओट्यापाशी उभी राहून, तो माझ्या कोपराचे धक्के खायचा त्याच जागी उभी राहून, थेंब मोजले. आठव्या थेंबाला पाणी पिवळं पडलं. मी ओरडले, "आठ!"

"बरं झालं," आत्या म्हणाल्या. "वाढ मंग."

त्या दिवशी त्या अर्धी भाकरी आणि वरण जेवल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग ते ठरूनच गेलं. मी आकडा काढायचा, पुकारायचा आणि त्यांनी जेवायचं. आकडा पुकारला नाही तर ताटाला हात लागायचा नाही. मी मनाशी पक्कं केलं होतं की कुपीत सात आले तरी आपण आठच ओरडायचं. या वयात खोटं बोलायला मला काही लाज नव्हती, म्हातारी जगली म्हणजे झालं.

पण खोटं बोलायची वेळच येईना. रोज आठच यायचे.

आधी मला बरं वाटलं. मग एक दिवस ओट्यापाशीच माझा हात थांबला. सोड्याचं पाणी कोण घालतंय? मी तर त्याच्या सोड्याच्या डब्याला हातही लावला नव्हता. डबा सिंकखाली होता, झाकणावर धूळ बसलेली. आकडा रोज पडायला हवा होता.

माझी बँक कोठी भागात. तिथून सुलतान बाजारकडे जाताना एका गल्लीत माशांचं दुकान आहे, नवरा सगळं तिथूनच आणायचा. दुकानदार त्याला भाईसाब म्हणायचे. मी जाऊन विचारलं.

"पोवळी जिवंत आहेत?" हे त्यांनी त्यांच्या दखनी बोलीत विचारलं, "ज़िंदा हैं ना मॅडम? खुल रए?"

मी म्हटलं, उघडी असतात, झुलतात, टोकं वाढलीत.

"फिर नंबर गिरना. मरे तो नई गिरता, मरे सो क्या खाते? ज़िंदा हैं बोले तो गिरना ज़रूर. कोई तो डाल रा मॅडम."

"कोणी नाही घालत. घरात मी आणि सासू. त्या खाटेवर."

त्यांनी मान हलवली आणि औषधाची नवी बाटली दिली. जुनी बाटली खराब होते, खोटा आकडा दाखवते म्हणाले. मी घरी येऊन नव्या बाटलीने थेंब मोजले. आठ.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. सासऱ्यांनी देव्हारा काढला तेव्हा त्याच्याबरोबर भुतंही काढली, असं ते अभिमानाने सांगायचे. मीही त्याच मुशीतली. बँकेत कोणी अमावास्येचं काही बोललं तर मी त्याची पुरती खोड मोडते. पण संध्याकाळी घराचं कुलूप उघडायच्या आधी मी दाराला कान लावू लागले. कारण आकड्याशिवायही काही गोष्टी होत्या.

एक म्हणजे स्टूल. टाकीत हात घालायला नवरा ज्या लाकडी स्टुलावर उभा राहायचा, ते मी बाल्कनीत नेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी यावं तर ते टाकीपाशी. मी पुन्हा बाल्कनीत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकीपाशी. कामवालीवर ओरडले, तर तिने दोन्ही कानांना हात लावले आणि सांगितलं की ती टाकीच्या बाजूला झाडूसुद्धा मारत नाही. मग हळूच म्हणाली, "अम्मा, दोपहर को मैं नीचे के घर को जाती ना, तब सीढ़ी पे सुनाई देता. पेद्दम्मा किसी से बातां करते. साब से करते सरीखा." पेद्दम्मा म्हणजे मोठ्या अम्मा, आमच्या आत्या.

दुसरं म्हणजे काचेवरचे डाग. टाकीच्या वरच्या कडेपाशी बोटांचे पांढरे ओघळ दिसायचे. मला वाटलं मीठ उडालं असेल. ओलं फडकं फिरवलं तर मीठ लगेच जातं, हे डाग जाईनात. शेवटी लिंबू चोळलं. तेव्हा डाग फसफसले आणि मग निघाले. मीठ फसफसत नाही.

आणि तिसरं, टाकीतले पंप. ते आळीपाळीने चालतात, एक बंद होतो, दुसरा सुरू होतो, मधे एक क्षण सगळं गप्प होतं. आधी मला ते कधी ऐकूही आलं नव्हतं. आता त्या गप्प क्षणाची मी वाट बघायचे. वाटायचं, आत्ता कोणीतरी बोलेल. तेवढ्यात दुसरा पंप घुरघुरायला लागायचा.

मी घरी उशिरा येऊ लागले. बँक सुटली की सुलतान बाजारात विनाकारण फिरायचे, ब्लाउजपीस बघायचे, घ्यायचे नाहीत. कापडवाले कंटाळले. मग आठवायचं की आकडा काढल्याशिवाय म्हातारी जेवणार नाही, आणि मी रिक्षा पकडायचे. एका संध्याकाळी वैतागून मी टाकीसमोर उभी राहिले आणि हळू आवाजात म्हटलं, "अहो, तुम्हीच असाल तर आठ कशाला, उद्या दहा करून दाखवा." दुसऱ्या दिवशी आठच आले. आयुष्यभर माझं कधी ऐकलं नव्हतं, तेव्हा त्यात नवल काहीच नव्हतं. तरी मी ओट्यापाशी रडले. भीती वाटत होती हे खरं, पण कुठेतरी मला दहा हवे होते.

मग एके दिवशी बँकेत अंगात ताप भरला आणि मी दुपारीच घरी आले. किल्लीने दार उघडलं. हॉलमध्ये आवाज होता, आत्यांचा, पण इतक्या महिन्यांत न ऐकलेला, भरलेला, जेवू घालताना असतो तसा.

"घे. एवढं घे. अजून? बरं, हे घे."

आत्या स्टुलावर उभ्या होत्या. ताठ. एका हाताने टाकीची कड धरलेली, दुसऱ्या हातात चमचा, आणि टाकीच्या झाकणावर वाटी. चमचा वाटीत बुडवून त्या पाण्यात अलगद रिकामा करत होत्या. मग एकदम त्यांचा हात हवेत थांबला. "बस का? बरं, बस," त्या म्हणाल्या आणि चमचा वाटीत ठेवला.

मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "ताप आला वाटतं. लवकर आलीस." स्टुलावरून उतरल्या, वाटी घेऊन चालत आपल्या खोलीत गेल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या, जणू उठल्याच नव्हत्या.

मी चपला न काढता सोफ्यावर बसले आणि हसत सुटले. निवळी! म्हातारी पोवळ्यांना निवळी पाजत होती. चुन्याचं पाणी, आणखी काय. स्टूल, पांढरे डाग, दुपारच्या गप्पा, सगळं जागच्या जागी बसलं. तापातही इतकं हलकं वाटलं की मी उठून खिचडी टाकली. दुकानदारांना फोन केला तर तेही खूश झाले. "चूना? हौ, चलता मॅडम, बड़े बड़े शौकीन लोगां चूनाच डालते. मगर ज़्यादा नक्को, एक दिन ज़्यादा पड़ा तो सब साफ."

ही एकच गोष्ट मला खटकत राहिली. संध्याकाळी मी आत्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो किती घालायचं?"

"त्यो बस म्हनतो," आत्या म्हणाल्या. "मंग थांबते."

नवऱ्याची ती सवय मला माहीत होती. त्याच्या चहात साखर घालताना दुसरा चमचा कलता व्हायच्या आत तो म्हणायचा, "बस." एकच शब्द, न बघता, पेपरातून मान न काढता. मी मनात म्हटलं, आईच्या कानात लेकाचे शब्द राहणारच. आणि विषय सोडून दिला.

आता माझं धैर्य वाढलं. आमची मुलगी बंगळुरूहून फोनवर सारखी म्हणत होती, "मम्मी, ते ॲक्वेरियम देऊन टाक ना, लाईट बिल बघ." आत्या चालू शकतात हे कळल्यावर मलाही वाटलं, आता सवतीला निरोप द्यावा. दुकानदार रविवारी येऊन पोवळी घेऊन जातील असं ठरवलं. आत्यांना वाईट वाटेल म्हणून त्यांना दुसरं काहीतरी द्यावं, तर पान सुचलं. किती दिवसांत त्यांनी पान लावलेलं मी पाहिलं नव्हतं. कोठीहून विड्याची पानं, सुपारी आणि ताजा चुना घेऊन आले.

त्यांची पानाची डबी खाटेखाली असायची. भरून ठेवावी म्हणून काढली, उघडली. पानं काळी पडून त्यांचा चुरा झाला होता. चुना वाळून दगड झाला होता, भेगा पडलेल्या, कडेला कोळ्याचं जाळं. त्या चुन्याला मुलगा गेल्यापासून कोणी बोट लावलेलं नव्हतं.

डबीशेजारी ती वाटी होती. उद्यासाठी भिजत घातलेली. वर नितळ पाणी होतं. तळाशी बसलेला गाळ पांढरा नव्हता. राखाडी होता.

मी मान वर केली. कपाटावर पांढऱ्या कापडाची गाठ होती तिथेच होती. स्टूल आणलं, चढले, डबा खाली घेतला. तो इतका हलका होता की हातातून पडता पडता राहिला. मागे वळले तर आत्या कुशीवर वळून माझ्याकडेच बघत होत्या.

"थोडीच ऱ्हायलीय," त्या म्हणाल्या.

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, झाड लावायचं होतं, ह्यांच्या वडिलांशेजारी लावायचं होतं, तुम्हाला मला विचारावंसंही वाटलं नाही का?

आत्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "झाड कवा लावशील तू? पाऊस गेला की. मी काय तवर बसून ऱ्हानार हाय? इथं रोज वाढायलंय. डोळ्याला दिसायलंय." हॉलकडे बोट करून म्हणाल्या, "लेकराची हाडं कच्ची व्हती. निवळी पाजून म्या उभा केला. आता त्याचीच निवळी त्याला पाजते. समुद्र दाखवतो म्हनला व्हता. दाखवला की."

मी हॉलमध्ये आले. टाकीत पोवळ्यांच्या फांद्या पाण्यात चमकत होत्या, आणि प्रत्येक फांदीला एक कोवळं पांढरं टोक होतं. नवं बांधलेलं हाड. गेले कित्येक महिने मी ती टोकं बघून दुकानदाराला सांगत होते की छान वाढतायत. मला तिथे उभं राहवेना आणि तिथून जाववेनाही. भीती आता राहिली नव्हती. जे वाटत होतं त्याला माझ्याजवळ शब्द नाही, पण त्यात हेवा होता, हे मी सांगून टाकते. त्याच्या आईने त्याला पुन्हा वाढवायला घेतलं होतं आणि मी बाजारात ब्लाउजपीस बघत फिरत होते.

रविवारी दुकानदार बादल्या घेऊन आले. त्यांना कसं थांबवावं हे मला सुचेना, म्हणून मी स्टूल बाजूला ओढून त्यांना जागा करून दिली. त्यांनी बाह्या सरसावल्या, मोठी फांदी दगडावरून निघेना म्हणून खिशातून कात्री काढली आणि पाण्यात हात घातला. कट्, असा बारीक आवाज झाला. त्यांनी तुकडा वर काढून मला दाखवला. तुटलेली बाजू शुभ्र होती.

"देखो मॅडम, हड्डी कैसी पक्की है," ते कौतुकाने म्हणाले.

"ठेवा तो," मी म्हटलं. "वापस रखो भाईसाब. आत ठेवा. नक्को, कुछ बी नक्को, आप जाओ."

माझा आवाज ऐकून ते घाबरलेच. तुकडा त्यांनी होता तिथे टेकवून ठेवला, बादल्या उचलल्या आणि जिन्यावरून दोनदा मागे वळून बघत गेले. पुढच्या आठवड्यात मी जाऊन माफी मागितली. कारण मात्र सांगितलं नाही.

राख संपली तो दिवस मला कोणी सांगितला नाही. कुपीने सांगितला. ओट्यापाशी सातवा थेंब पडला आणि पाणी पिवळं झालं. मी कुपी हलवली, फरशीसमोर धरली, हिरवट झाक शोधली. पिवळंच होतं.

"आज कितीक?" आतून आवाज आला.

इतके महिने मी याच क्षणासाठी खोटं तयार ठेवलं होतं. तोंड उघडलं तर ते येईना. म्हटलं, "सात."

आत खाट करकरली. मग आत्या म्हणाल्या, "म्या काय आता उठत नाही. माझ्याजवळचं सरलं. आता तुझ्यावर हाय." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि मीही जेवले नाही.

कोठीहून आणलेला चुना तसाच पडून होता. तो वाटीत कालवला. सकाळपर्यंत खाली बसला, वरचं पाणी आरशासारखं नितळ झालं. आंघोळ करून मी स्टुलावर चढले. चमचा बुडवला, पाण्यात रिकामा केला. पुन्हा बुडवला. पोवळी हलत होती, तुटलेला तुकडा दगडावर होता तिथेच होता. किती घालायचं हे मला माहीत नव्हतं. कमी पडलं तर आकडा सातचा सहा होणार आणि आतली म्हातारी आणखी एक दिवस उपाशी राहणार. जास्त झालं तर टाकीतलं सगळं साफ, आणि त्याच्यामागोमाग तीही. मी मोजायचंही विसरले. आणखी एक चमचा भरला आणि पाण्यावर नेला.

तेवढ्यात एक पंप बंद झाला. दुसरा सुरू व्हायच्या आधीचा तो गप्प क्षण आला. आणि माझ्या उजव्या कानापाशी, पेपरातून मान न काढता म्हणावं तसं, कोणीतरी म्हणालं, "बस."

चमचा कलता होता होता राहिला. आत्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, त्यांना मी दिसतही नव्हते.

आतून आत्या म्हणाल्या, "म्हनला ना? थांब मंग."

मी चमचा वाटीत ठेवला आणि स्टुलावरून खाली उतरले. संध्याकाळी आकडा आठ आला. मी तो स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्याने पुकारला, आणि आत्यांनी ताट मागितलं.